आरशासमोर तीन महिने बोलून काही झालं नाही, आता काय करू?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा उपयोग होईल. विचारणारे कळव्याला राहतात, वय ३२, आयटीआयला फिटर केलं, मग नोकरी सांभाळून डिप्लोमा केला आणि आता रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला सुपरवायझर आहेत. मनात तीन गोष्टी आहेत, डिग्री पूर्ण करायची, कंपनीत असिस्टंट इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज करायचा आणि १२ किलो वजन उतरवायचं. मित्राने सांगितलं की आधी सेल्फ-इमेज बदल, बाकी सगळं आपोआप होतं, म्हणून ते तीन महिने रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी यशस्वी आहे, मी आत्मविश्वासू आहे" असं म्हणाले. फरक शून्य, उलट आता आरशासमोर उभं राहायचीच चीड येते. मंगळवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, वडील लहानपणापासून म्हणत आलेत "आपल्याच्याने ते व्हायचं नाही", आणि आता त्यांना स्वतःलाच वाटायला लागलंय की वडील बरोबर होते.

आणि याच प्रश्नात, मधेच कुठेतरी, अर्ध्या ओळीत त्यांनी लिहिलंय की एकदा नाईटला गिअरबॉक्सच्या आवाजावरनं फॉल्ट पकडला होता "पण ते काय, कोणालाही कळलं असतं." ही ओळ लक्षात ठेवा, मी परत तिच्यावर येणार आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात २२ वर्षं काउन्सेलिंग करतेय. आरशाचा हा प्रयोग करून दमलेली माणसं माझ्याकडे इतकी आली आहेत की तुम्ही एकटे आहात असं अजिबात समजू नका, आणि तुम्ही कमी पडलात असं तर मुळीच समजू नका. २००९ मध्ये कॅनडात जोआन वुड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांबरोबर हेच तपासून बघितलं होतं. लोकांना स्वतःबद्दलचं एक छान वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणायला लावलं, तर ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं आणि ज्यांना खरी गरज होती, म्हणजे ज्यांचं स्वतःबद्दलचं मत पडलेलं होतं, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. का, तर तुम्ही "मी आत्मविश्वासू आहे" म्हणता आणि आतून लगेच उत्तर येतं, "हो का, मग परवाच्या मीटिंगमध्ये काय झालं होतं?" रोज सकाळी तुम्ही स्वतःशी एक वाद सुरू करता आणि रोज हरता. तीन महिने म्हणजे नव्वद वेळा हरलात. चीड येणारच ना.

दुसरं ते २१ दिवसांचं. तुमच्या मित्राने तेही सांगितलं असणार, सगळे सांगतात. याचं मूळ असं आहे की न्यूयॉर्कला मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे प्लास्टिक सर्जन होते, त्यांना दिसलं की ऑपरेशननंतर चेहरा बदलला तरी काही पेशंट स्वतःला जुन्याच नजरेने बघत राहतात, नाक सुधारलं पण मनातलं नाक तेच. त्यांनी १९६० मध्ये लिहिलं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. हे "कमीत कमी" पुढे सगळे विसरले आणि २१ दिवसांत आयुष्य बदलतं असा प्रचार झाला. लंडनला फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या साध्यासुध्या सवयी मोजल्या, जेवणाबरोबर फळ खायचं, थोडं पळायचं असल्या, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवसांच्या आसपास लागले, आणि माणसामाणसातला फरक बघा, कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. त्यामुळे तीन महिन्यांत जमलं नाही म्हणजे आपण त्यातले नाहीच, हा हिशोब मनातून काढून टाका.

आता मुद्द्याचं. सेल्फ-इमेज म्हणजे काय, तर स्वतःबद्दलची वाक्यं, जी आपण तपासणं कधीच बंद केलेलं असतं. "मला लोकांसमोर बोलता येत नाही." "आमच्या घरात कोणी शिकलेलं नाही." "माझं वजन उतरतच नाही." ही वाक्यं नुसती पडून राहत नाहीत, ती चाळणीसारखं काम करतात, जे त्यांच्याशी जुळतं ते ठेवतात आणि जे जुळत नाही ते खाली गाळून टाकतात.

आता तो गिअरबॉक्स. मी तुम्हाला उलट मेसेज करून मुद्दाम विचारलं की त्या रात्री नेमकं काय झालं, आणि तुम्ही जे सांगितलंत ते तुमच्या परवानगीने इथे लिहितेय. रात्री अडीचची वेळ. कन्व्हेयरच्या गिअरबॉक्समधनं नेहमीपेक्षा वेगळा, मधेच घरघर आणि मधेच टक असा आवाज येत होता. तुम्ही बॉडीवर हात ठेवून बघितला तर हात ठेवता येईना इतकी गरम. शिफ्ट इनचार्ज म्हणाले सकाळपर्यंत ओढू, डिस्पॅच आहे. तुम्ही म्हणालात, "साहेब, नाही चालणार, आत्ता थांबवा, शाफ्ट जाईल." ते चिडले, तुम्ही तरी हटला नाहीत, लाईन थांबली, उघडल्यावर बेअरिंगचा केज तुटलेला निघाला, पहाटे पाचला लाईन परत चालू. बरोबर?

मग मला सांगा, ज्याला लोकांसमोर बोलता येत नाही त्या माणसाने रात्री अडीचला चार ऑपरेटरांच्या देखत आपल्या वरच्या साहेबाला "नाही चालणार" कसं सांगितलं? हे बोलणं नव्हतं का? तुमच्या चाळणीने ते गाळलं. मंगळवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही गप्प बसता ते मात्र जसंच्या तसं, तारीखवार तुमच्याकडे जमा आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांची अडचण हीच असते, पुरावा नसतो असं नाही, पुरावा असतो पण त्याची एन्ट्रीच होत नाही. बँकेत पैसे जमा आहेत पण पासबुक वर्षानुवर्षं भरून आणलेलं नाही आणि माणूस म्हणतोय माझ्याकडे काही नाही.

यात आपल्या मराठी घरांचा एक भाग आहे आणि तो मला फार जवळून माहितीये. आपल्याकडे कोणी कौतुक केलं की आपण काय म्हणतो? "छे हो, कसलं काय." "चालायचंच." "देवाची कृपा." पोराला ८५ टक्के पडले की आई शेजारणीला सांगते, "पडले बाई कसेतरी." यात नम्रता आहे, थोडी दृष्ट लागायची भीती आहे, आणि ती वाईट नाही, मी स्वतः तशाच घरात वाढले. पण मोठ्यांना हे कळत असतं की हे बाहेर बोलायचं असतं, मुलाला ते कळत नाही, तो ते खरं धरतो. मग ३२ व्या वर्षी "कोणालाही कळलं असतं" हे तो नम्रपणे म्हणत नाही, त्याला ते मनापासून तसंच वाटतं. म्हणून माझी तुम्हाला पहिली विनंती अशी आहे की चारचौघांत खुशाल "कसलं काय" म्हणा, पण घरी आल्यावर वहीत खरं लिहा.

वहीबद्दल सांगते. एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या दिवशी "मी म्हणजे" असं लिहून २० वाक्यं पूर्ण करा, फार विचार न करता. ही पद्धत माझी नाही, कुन आणि मॅकपार्टलंड या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५४ मध्ये "मी कोण" या प्रश्नाची २० उत्तरं लिहून घ्यायची चाचणी केली होती, मी ती माझ्या पद्धतीने वापरते. वीस लिहून झाली की प्रत्येकासमोर लिहायचं, हे वाक्य आवाजात ऐकू आलं तर कोणाच्या आवाजात येतं. हा भाग घाई न करता करा. बऱ्याच जणांना इथे रडू येतं. कारण दिसतं की वीसातली आठ-नऊ वाक्यं आपली नाहीतच, ती एखाद्या मास्तरांची आहेत, आत्याची आहेत, पहिल्या नोकरीतल्या साहेबाची आहेत.

माझंही सांगते. सातवीत असताना आमच्या एका बाईंनी मला समूहगानातून बाहेर काढलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "हिचा आवाज फाटका आहे." त्यांच्या ते पाच मिनिटांत लक्षातही राहिलं नसेल. मी त्यानंतर वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत माईक हातात घेतला नाही, कॉलेजला नाही, नणंदेच्या लग्नातही नाही. शिकून काउन्सेलर झाले तरी एकेकट्या माणसाशीच बोलायचं हे मनाशी पक्कं होतं. मग वर्तकनगरच्या एका सोसायटीतल्या महिला मंडळाने बोलावलं, १४ बायका होत्या, माईकची गरजही नव्हती खरं तर, पण त्यांनी आणलेला होता. हात इतके थरथरत होते की माईक दोन्ही हातांनी धरला. बोलले वीस मिनिटं. संपल्यावर एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "तुझा आवाज खणखणीत आहे गं, मागे बसून सगळं ऐकू आलं." त्या दिवशी घरी येऊन मी ते तारखेसकट लिहून ठेवलं, ती वही अजून आहे.

वडिलांचं वाक्य. तुम्ही लिहिलंय की ते वागळे इस्टेटमध्ये कामाला होते आणि तुम्ही लहान असताना कंपनी बंद पडली, नंतर मिळेल ते काम केलं. वागळे इस्टेटमधल्या कितीतरी कंपन्या अशा बंद पडल्या, आज तिथे काचेची ऑफिसं दिसतात, पण ज्यांची घरं त्या पगारावर चालत होती त्यांनी काय बघितलंय ते त्यांनाच माहिती. "आपल्याच्याने ते व्हायचं नाही" यातलं "आपल्याच्याने" बघा, ते "तुझ्याच्याने" म्हणत नाहीयेत. हे एका घाबरलेल्या माणसाने पोराला सांभाळून राहायला सांगणं आहे, तुमच्या कुवतीचं मोजमाप नाही. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, त्यांच्याकडून हे वाक्य मागे घेऊन मिळेल अशी वाटही बघू नका. वहीत त्या वाक्यापुढे फक्त लिहा, बाबांचा आवाज, कंपनी बंद पडली ते वर्ष.

आता करायचं काय. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की "हे मला जमेल" हा विश्वास चार ठिकाणांहून येतो, स्वतः करून बघितलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना बघितलेलं, कोणी विश्वासाने सांगितलेलं, आणि त्या वेळी शरीर काय सांगतंय ते, म्हणजे छातीत धडधड वगैरे. या चारात सगळ्यात वजनदार पहिलं. तुम्ही तीन महिने तिसऱ्यावर घालवलेत आणि तेही स्वतःच स्वतःला सांगण्यात. आपण पहिल्यावर येऊ.

तीन टार्गेट्स एकदम नकोत. वजन बाजूला ठेवा, फक्त जेवणानंतर पंधरा मिनिटं खारीगावच्या बाजूला चालून या, बाकी डाएट वगैरे आत्ता काहीच नाही. डिग्रीसाठी सध्या फक्त चौकशी, कॉलेजच्या खिडकीवर स्वतः जाऊन फी, वेळ आणि कागदपत्रं विचारून या. सगळा जोर मंगळवारच्या मीटिंगवर लावा, कारण असिस्टंट इंजिनिअरचा रस्ता तिथूनच जातो.

मीटिंगमध्ये "आत्मविश्वासाने बोलायचं" हे काम नाही, ते करता येत नाही, कारण ते संपतं कधी आणि झालं की नाही हे कळतच नाही. काम असं ठरवा की झालं की नाही हे तिसऱ्या माणसालाही सांगता आलं पाहिजे. पहिल्या मंगळवारी फक्त एक वाक्य, आधी लिहून नेलेलं, कागदात बघून वाचलं तरी चालेल. "दोन नंबर लाईन काल ४५ मिनिटं बंद होती, कारण कपलिंगचा रबर गेला होता, स्पेअर मागवलाय." बस. मराठीत, हिंदीत, जी भाषा तिथे चालते तिच्यात. इंग्रजी हा वेगळा विषय आहे, तो आत्ता यात मिसळू नका, बहुतेक जण इथेच अडकतात, बोलायची भीती आणि इंग्रजीची भीती यांची एकच मोळी बांधतात आणि मग ती उचलत नाही. असे तीन मंगळवार झाले की चौथ्याला एक प्रश्न विचारायचा. मग पुढे कधीतरी एक सूचना. जे ठरवलं ते करताना धडधड होईल पण करता येईल, एवढ्या मापाचं असावं. अजिबात धडधड नाही म्हणजे फार सोपं घेतलंत, आदल्या रात्री झोपच लागली नाही म्हणजे फार अवघड घेतलंत, अर्धं करा.

दुसरं, कंपनीत आयटीआय करून पुढे गेलेला कोणी आहे का बघा. असतोच. त्याच्याबरोबर एक चहा घ्या आणि यशाचं रहस्य वगैरे विचारू नका, पहिल्या मीटिंगमध्ये तो काय बोलला आणि काय चुकलं ते विचारा. आपल्यासारख्याच माणसाचं चुकलेलं ऐकलं की फार बळ येतं.

कल्पना करायची असेल तर तीही नीट करू. कॅलिफोर्नियात १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला फाम आणि टेलर यांचा प्रयोग आहे, परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना चांगले मार्क पडल्याचं चित्र रोज मनात बघायला सांगितलं आणि काहींना अभ्यास कसा करतोय त्याचं, कुठे बसलोय, काय उघडलंय. ज्यांनी अभ्यास करतानाचं चित्र बघितलं त्यांनी अभ्यास लवकर सुरू केला, त्यांना मार्कही जास्त पडले, आणि नुसतं निकालाचं चित्र बघणाऱ्यांचा अभ्यासच कमी झाला. म्हणून केबिन आणि नावाची पाटी डोळ्यांसमोर आणू नका. तुम्ही कळव्याहून ठाण्याला येता, पूल चढून ट्रान्स हार्बरची गाडी पकडता, रबाळ्याच्या आधी मधे दिघा गाव आणि ऐरोली एवढीच स्टेशनं. हे चित्र बघा, की दिघा गाव गेलं की मी खिशातला कागद काढतो आणि मंगळवारचं वाक्य दोनदा वाचतो. "असं झालं की मी हे करणार" असं आधीच बांधून ठेवलेलं काम जास्त वेळा पार पडतं, पीटर गॉलविट्झर यांनी यावर बराच अभ्यास केलाय, आणि माझा स्वतःचा अनुभवही तोच आहे. नुसतं "या आठवड्यात प्रॅक्टिस करेन" हे आठवडाभर राहूनच जातं.

वहीत रोज रात्री तीन-चार ओळी लिहायच्या आणि त्यात विशेषणं नकोत. "आज मस्त बोललो" नको, "आज वाट लागली" पण नको. "१०.२० ला बोललो, दोन वाक्यं, साहेबांनी स्पेअर कधी येतोय विचारलं, मी गुरुवार सांगितलं." कॅमेऱ्याने जेवढं टिपलं असतं तेवढंच. "नशिबाने" आणि "कोणालाही जमलं असतं" हे दोन शब्दप्रयोग त्या वहीत बंद. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला नाहीतर कुठेही निवांत बसून आठवड्याची पानं एकदा वाचायची, हे वाचणं लिहिण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण चाळणीतून गळालेलं तेव्हाच परत हातात येतं.

एखाद्या मंगळवारी फसेल. तत पप होईल, कोणीतरी हसेल. तेव्हा अल्बर्ट एलिस यांचं एक म्हणणं मला फार उपयोगी पडलंय, त्यांनी १९५५ पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली तिचा हा गाभाच आहे, की मार्क द्यायचे तर कृतीला द्या, अख्ख्या माणसाला देऊ नका. "आजचं वाक्य तयार नव्हतं" हे दुरुस्त करता येतं, "मीच तसला" याचं काय करणार? तुम्ही मशीनच्या बाबतीत हे रोज करता की हो, बेअरिंग गेलं म्हणून अख्खी लाईन भंगारात काढता का, कुठला पार्ट गेला ते बघता. आणि लॅलींच्या त्या अभ्यासातही दिसलं होतं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. एक मंगळवार गेला तर पुढचा धरायचा.

कपडे, दाढी, ताठ उभं राहणं, याबद्दलही विचारलंय. मदत होते, थोडी होते, इस्त्रीचा शर्ट घाला, छान वाटतं. त्यासाठी हजारो रुपयांचे कोर्स करू नका.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस सतत उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडलीये, किंवा जगून काय करायचं असे विचार येताहेत, असं असेल तर हा सेल्फ-इमेजचा विषय नाही, आजाराचा असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. वहीवर सोडू नका. सरकारची टेलीमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्यात तर आयपीएच म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, इथल्या लोकांनी संकोच करायचं काहीच कारण नाही. तुमच्या लिहिण्यात मला तसं काही दिसलं नाही, पण वाचणारे बरेच असतात म्हणून लिहिलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की किती दिवस लागतील. मंगळवार मोजा, बारा मंगळवार, आणि तोपर्यंत असिस्टंट इंजिनिअरच्या अर्जाचा फॉर्म नुसता आणून घरात ठेवा, भरू नका. बाराव्या मंगळवारनंतर वही पहिल्या पानापासून वाचा आणि मग फॉर्म समोर घेऊन मला कळवा, आपण तो एकत्र बसून भरू.

आज रात्री मात्र एक काम आहे. वीस वाक्यं उद्या लिहा, आज पहिल्या पानावर त्या गिअरबॉक्सच्या रात्रीची नोंद करा. तारीख आठवत नसेल तर महिना टाका. किती वाजले होते, आवाज कसा होता, बॉडी किती गरम होती, इनचार्ज काय म्हणाले आणि तुम्ही काय म्हणालात, ते तुमच्याच शब्दांत, "साहेब, नाही चालणार" इथपासून पहाटे पाचला लाईन सुरू झाली तिथपर्यंत.